काचेपलीकडची तोंडं

ब्रेथॉर्न, सस्कॅचवान
६ नोव्हेंबर १९९६

बाब्यूकसाहेब,

तुम्ही मला ओळखत नाही. कर्लिंग क्लबात खेळाचा बर्फ करायला तुमच्या जागेवर जी बाई नेमली आहे ती मी, रोवीना फ्रीसन. फोनच करणार होते, पण पाईचं काउंटर सांभाळणारी थेल्मा म्हणाली की कॉम्प्रेसरच्या शेजारी इतकी वर्षं काढून तुमचे कान गेले आहेत आणि फोनवर तुम्ही नुसते ओरडता. म्हणून पत्र. तुमच्या मुलीचा केलोनाचा पत्ताही तिनेच दिला.

मी आधी स्विफ्ट करंटला एका शाळेच्या स्वयंपाकघरात होते. ते बंद झालं. इथे अर्ज केला, सॅस्कॅटूनला जाऊन आठवडाभर बर्फ तयार करायला शिकले, आणि दुसरा कोणी अर्जदारच नव्हता म्हणून मला घेतलं. क्लबच्या मागच्या दोन खोल्याही मिळाल्या. पण जानेवारीअखेरच्या मोठ्या स्पर्धेपर्यंत कमिटी मला पारखणार आहे. नको म्हणाले तर नोकरीबरोबर खोल्याही जातील. मग कॅलगरीला मुलाकडे, त्याच्या बैठकीतल्या सोफ्यावर. सून स्वभावाने फार चांगली आहे. इतकी चांगली की तिथे राहायची मला धास्ती वाटते.

तर अडचण अशी आहे. माझा बर्फ जड झालाय. सकाळी मी एक दगड ढकलून पाहते तेव्हा तो सुळकन पलीकडच्या वर्तुळात जातो. संध्याकाळी खेळ सुरू झाला की तोच दगड निम्म्यात बसकण मारतो. दगडापुढचा बर्फ झाडूने घासणारे दोघं घासून घासून लालबुंद होतात तरी तो हलत नाही. मग सगळे कमरेवर हात ठेवून आधी बर्फाकडे बघतात आणि नंतर माझ्याकडे. अध्यक्ष मर्विन परवा हरला. जिंकलेल्यांनी रिवाजाप्रमाणे त्याला बिअर पाजली, आणि ती फुकटची बिअर पितापिता त्याने अर्धा तास माझ्या बर्फावर भाषण दिलं.

माझं चुकतंय कुठे? आणि एक विचारू? सुरुवातीला तुम्हाला कधी भीती वाटली होती का? सकाळी माझ्या घशाखाली टोस्टसुद्धा उतरत नाही. पोटात गोळा असतो तो रात्री दिवे बंद करेपर्यंत. या वयात मला असं होईल असं वाटलं नव्हतं.

आपली,
रोवीना फ्रीसन


केलोना
१५ नोव्हेंबर

फ्रीसनबाई,

पत्र मिळालं. त्यात बर्फ थोडा आणि पोट फार. पोटातलं मला कळत नाही, त्याला डॉक्टर असतात.

मर्विनचं ऐकू नका. तो हरला की बर्फ जड असतो आणि जिंकला की त्याचा हात चांगला असतो.

सकाळी पळतो आणि संध्याकाळी बसतो, म्हणजे दिवसभरात बर्फावर दंव गोठतंय. बाहेरची दमट हवा आत शिरत असणार. मागच्या दाराची रबरी पट्टी बघा, ती मीच बदलायची टाळत आलो होतो. पाणी तापवायच्या खोलीचं दार उघडं टाकू नका. छताचा उत्तरेकडचा पंखा फिरतो का बघा. कुरकुरत असेल तर चांगलं, गप्प असेल तर तो बंद पडलाय. हे सगळं केलंत की दगड जाईल. मला परत लिहायची गरज नाही.

भीतीचं विचारलंत. नाही. बर्फाला असले लाड समजत नाहीत. इतकी वर्षं रोज आत गेलो, थेंब टाकले, घरी आलो.

इथे केलोनात सफरचंदांच्या बागा आहेत आणि हिवाळा नाही. माझी मुलगी मला फावड्याला हात लावू देत नाही. गुडघ्यांसाठी इथे आणलं म्हणते. मग तेच गुडघे खिडकीशी घेऊन बसायचं.

ओ. बाब्यूक


ब्रेथॉर्न
२९ नोव्हेंबर

बाब्यूकसाहेब,

परत लिहायची गरज आहे.

पट्टी बदलली. दार बंद ठेवते. पंखा इतका कुरकुरतो की त्याच्याशी बोलावंसं वाटतं. आणि दगड तिथेच बसतोय. आता तर गावात ज्याला त्याला माझा कळवळा आलाय. क्लिफने त्याच्या डुकरांच्या शेडमधला तापमापक आणून दिला. पोस्टातल्या बाईने सांगितलं की पाण्यात चमचाभर व्हिनेगर घाल. चर्चमधून निघताना पाद्रीबाबांनी माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मर्विन तर आता रागावतही नाही. ‘सगळं ठीक चाललंय ना?’ म्हणून विचारतो, दवाखान्यात पेशंटला विचारावं त्या आवाजात. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी तर सगळं जिवापाड करतेय हो. परवा उजाडायच्या आत थेल्मा पाईचे ट्रे घेऊन आली. मी तेव्हाच पाठीवरचा पाण्याचा डबा उतरवून ठेवत होते. अंधारात मला बघून ती किंचाळली आणि एक अख्खी बेरीची पाई जमिनीवर गेली. इतक्या पहाटेपासून राबते मी, आणि वर पाईचं पाप माझ्या माथी.

कॉम्प्रेसर बिघडला असेल का? की पाण्यातच दोष आहे? दोन रात्री मी झोपलेले नाही. काहीतरी सांगा, पण ‘भीती नको’ एवढं सांगू नका. ते मला सून सांगते.

रोवीना फ्रीसन


केलोना
९ डिसेंबर

फ्रीसनबाई,

कॉम्प्रेसरचा विचार केला, पाण्याचा केला, छपराचा केला. गेल्या आठवड्यात मी इथे कागदावर आपल्या हॉलचा नकाशा काढून बसलो होतो. मुलीला वाटलं मला काहीतरी झालंय. तुम्ही सांगता तसा बर्फ जगात कुठेच नसतो. म्हणजे तुम्ही काहीतरी सांगत नाही आहात, असं म्हणून मी तुमची पत्रं परत वाचली.

उजाडायच्या आत तुमच्या पाठीवर डबा काय करत होता?

थेंब खेळाच्या तोंडावर टाकतात. लोक जमले, कोट काढले, कॉफी घेतली, की आपण डबा पाठीवर घेऊन उलट्या पावलांनी जायचं, हात फिरवत कोमट पाणी शिंपडत जायचं, आणि त्या बारीक थेंबांचे खडे ताजे असतानाच त्यावरून दगड जायला हवा. हे सॅस्कॅटूनला पहिल्याच दिवशी शिकवतात. पहाटे टाकलेले थेंब दिवसभर तसेच पडून राहिले तर त्यावर दंव धरणार नाही तर काय होणार? शाळेत तुम्ही सूप सकाळी वाढून ठेवून मुलांना संध्याकाळी जेवायला बोलावत होता का?

महिनाभर मला पंखे आणि पट्ट्या बघायला लावलंत. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं मी धरत नाही. मग कारण काय ते लिहा. खरं लिहा, माझा वेळ इथे भरपूर आहे पण धीर नाही.

ओ. बाब्यूक


ब्रेथॉर्न
१६ डिसेंबर

बाब्यूकसाहेब,

माहीत होतं. कारण काच आहे.

तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही तिथे इतकी वर्षं होता. पण पहिल्या संध्याकाळी मी डबा घेऊन बर्फावर उतरले आणि मान वर केली, तर काचेपलीकडे सगळं गाव बसलेलं. हातात कॉफी, पुढ्यात पाई, खुर्च्या बर्फाकडे वळवलेल्या. दोन फेऱ्यांच्या मध्ये त्यांना बघायला दुसरं काहीच नसतं. मी एकटी, पाठीवर टाकी, ढुंगण पुढे काढून उलटी चाललेली. त्यांची तोंडं हलत होती आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. एक जण हसला. थेल्मा कोणाच्या तरी कानात काहीतरी बोलली. माझे हात असे थरथरायला लागले की थेंब पडायच्या ऐवजी ओहोळ गेला. कसंबसं पोचले, आणि तिकडच्या टोकाला झाडूंच्या रॅकमागे लपून उभी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे करायला लागले. तेव्हा काचेपलीकडे कोणी नसतं. संध्याकाळी लोक यायला लागले की मी कॉम्प्रेसरच्या खोलीत जाऊन काहीतरी पुसत बसते.

शाळेत चारशे पोरं माझ्या समोरून ट्रे घेऊन जायची. तोंडावर नावं ठेवायची माझ्या बटाट्यांना. मला कधी काही वाटलं नाही, कारण ती काय बोलतात ते ऐकू यायचं. हे न ऐकू येणारं बोलणं मला खातंय. मला इथली माणसं ओळखीची नाहीत, कोण कोणाबद्दल काय म्हणतं ठाऊक नाही, त्यामुळे हलणारं प्रत्येक तोंड माझ्याबद्दलच हलतंय असं वाटतं. हा वेडेपणा आहे ते मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

मला मुलाच्या सोफ्यावर जायचं नाही. पण त्या काचेसमोरही जायचं नाही. आता सांगा.

रोवीना


केलोना
२७ डिसेंबर

फ्रीसनबाई,

नाताळ इथे पावसात झाला. असो.

तुमच्याकडे कोणीही बघत नाही. लिहून ठेवा हवं तर. ते पाई बघतात, गुडघ्याच्या ऑपरेशनचं बोलतात, गव्हाचं बोलतात. मी तीस वर्षं त्या काचेसमोर उलटा चाललो. माझ्याकडे एकदाही कोणी बघितलं नाही, आणि मी कधी त्यांच्याकडे बघितलं नाही. खालमानेनं आपलं काम करायचं. फेरी सुरू व्हायच्या आधी डबा घ्या, जा, आणि काही झालं तरी मध्ये थांबू नका. थांबलात की एका जागी पाणी साचून तिथे गाठ येते, आणि त्या गाठीवरून दगड कुठल्या कुठे जातो.

आणि मला ते थरथरणारे हात लिहून पाठवू नका. माझी झोप जाते.

ओ. बाब्यूक


ब्रेथॉर्न
८ जानेवारी १९९७

बाब्यूकसाहेब,

तुमचं ऐकलं. काल संध्याकाळच्या फेरीआधी सगळ्यांच्या देखत डबा घेऊन उतरले. खालमानेनं. कोणी बघत नाही, कोणी बघत नाही, असं स्वतःला सांगत निम्म्यापर्यंत आले, आणि मग मला वाटलं की खरंच बघत नाहीत ना ते एकदा बघावं.

सगळे बघत होते, बाब्यूकसाहेब. झाडून सगळे. क्लिफने तर काटा तोंडाशी नेता नेता हवेतच धरला होता. मी थांबले. तुम्ही नको म्हणालात तिथेच, तसंच थांबले. गाठ आली. तिसऱ्याच डावात मर्विनचा दगड तिच्यावरून उडून शेजारच्या बर्फाच्या पट्टीत गेला आणि दुसऱ्यांचा जमलेला डाव मोडला. दोन्ही संघ भांडायला लागले. मर्विन मला म्हणाला, ‘रोवीना, स्पर्धेच्या आधी कमिटीला बसून बोलावं लागेल.’ परत त्याच दवाखान्यातल्या आवाजात.

मग मात्र माझं डोकं फिरलं. दिवे मालवायच्या आधी मी सरळ काउंटरवर गेले आणि थेल्माला विचारलं, ‘मी खाली असते तेव्हा तुम्ही सगळे काय बोलता? खरं सांग. गोड नको बोलूस.’

ती ओशाळली, पण तिने सांगितलं. म्हणे, मी कोंबडी अंड्यावरून उठल्यासारखी चालते. हा माझा कोट माझ्या आधीच्या नवऱ्याचा असणार असं पोस्टातल्या बाईचं मत आहे (बरोबर आहे). क्लिफ म्हणतो मी ईस्टरपर्यंत टिकत नाही. मर्विन म्हणतो हात बरा आहे पण जीव नाही. म्हणजे बोलत होते. माझ्याबद्दलच बोलत होते, पहिल्या दिवसापासून. मला वाटत होतं त्याहून एक-दोन गोष्टी जास्तच. तुम्ही मला छातीठोकपणे खोटं लिहिलंत.

आणि ऐका. मी थेल्माला म्हटलं की बाब्यूकसाहेब तर म्हणतात त्यांच्याकडे कधी कोणी बघितलं नाही. ती हसत सुटली. तुमच्याकडे तर सगळ्यात जास्त बघायचे म्हणे, कारण तुमचे ओठ हलायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दर संध्याकाळी, तीस वर्षं. एवढा मोठा माणूस तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत उलटा जातोय. कोणी म्हणायचं तुम्ही पावलं मोजता, कोणी म्हणायचं प्रार्थना. क्लिफच्या बायकोची खात्री होती की ते तुमच्या आईचं गाणं आहे. ‘बिचारा ऑरेस्ट,’ थेल्मा म्हणाली, ‘शेवटच्या दिवसापर्यंत घाबरायचा. पण आम्ही त्याला कधी बोलून नाही दाखवलं.’

तुम्हाला भीती नव्हती म्हणे. मी इकडे दोन महिने स्वतःला बावळट समजत बसले, की जगात हे फक्त मलाच होतं. स्पर्धा महिनाअखेरीला आहे. गावोगावचे संघ येणार, काच या टोकापासून त्या टोकापर्यंत भरणार, आणि तीन दिवस दर फेरीआधी मला जायचं आहे. कमिटीने तेवढी संधी दिली आहे, पुढचं नंतर बघू म्हणाले. मला तुमचा उपदेश नको. तुम्ही काय पुटपुटत होता तेवढं सांगा.

रोवीना


केलोना
२२ जानेवारी

रोवीना,

इतके दिवस उत्तर दिलं नाही कारण मी चिडलो होतो. तुझ्यावर नाही. तीस वर्षं माणसं मला ‘बिचारा’ म्हणत होती आणि मी त्यांच्यासाठी बर्फ करत होतो, या विचारावर चिडलो होतो. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘बाबा, ते तर मलाही माहीत होतं.’ मग तिच्यावरही चिडलो.

ठीक आहे. घाबरायचो. पहिल्या हिवाळ्यात मी दर संध्याकाळी हॉलच्या मागे जाऊन ओकून यायचो. मग एकदा, निम्म्यात असताना, मर्विनचा बाप काचेमागे हातवारे करून कोणाला तरी माझी नक्कल करून दाखवत होता. तेव्हा तोच अध्यक्ष होता. माझे पाय जागीच थिजले होते. आणि माझ्या तोंडून त्याला एक शिवी गेली. आमच्या युक्रेनी भाषेत, म्हणजे ओठांवरूनही कोणाला कळू नये अशी. पाय सुटले. पुढच्या पावलाला त्याच्या शेजारच्याला घातली.

ती प्रार्थना नव्हती. ते गाणंही नव्हतं, माझी आई गायची नाही. मी त्यांना शिव्या घालत होतो. नाव घेऊन, एकेकाला, डावीकडच्या टेबलापासून सुरुवात करून. ज्याने त्या आठवड्यात जे बोलून दाखवलं असेल त्याप्रमाणे. तुला एक सांगतो, काचेतून त्यांनाही काही ऐकू येत नाही. हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. तू आपलं एकाच बाजूने ऐकू येत नाही म्हणून रडत बसलीस.

एकेक शिवी दिली की त्या माणसाची भीती तेवढ्यापुरती संपायची. दुसऱ्या दिवशी ती परत यायची, म्हणून परत द्यायचो. ती कधी गेली नाही, रोवीना. मला वाटलं होतं एखाद्या वर्षी जाईल. पण मी चालत राहिलो आणि बर्फ चांगला झाला, आणि खेळ संपल्यावर त्याच माणसांबरोबर बसून बिअर प्यायचो तेव्हा मला त्यांच्याबद्दल काहीही वाटायचं नाही, कारण सगळं खाली देऊन झालेलं असायचं.

तू गेलीस तेव्हा तुला कोणाची नावं माहीत नव्हती. माणसांच्या घोळक्याला शिवी देता येत नाही. आता तर थेल्माने तुला कोण काय म्हणालं ते सगळं सांगितलंय. कामाला लाग.

ऑरेस्ट


ब्रेथॉर्न
३ फेब्रुवारी

ऑरेस्ट,

तुझं पत्र स्पर्धेच्या आदल्या दिवशी आलं. मी ते कोटाच्या खिशात घालून खाली गेले. हो, नवऱ्याच्याच कोटाच्या.

पहिल्या फेरीला काच इतकी गच्च होती की मागचे लोक खुर्च्यांवर उभे होते. डबा पाठीवर घेतला, उलटी वळले, आणि डावीकडच्या टेबलापासून सुरुवात केली. क्लिफला म्हटलं, ‘ईस्टरचं बोलतोस काय, डुकराच्या तोंडाच्या. तुला पुरून उरेन मी.’ पोस्टातल्या बाईला म्हटलं, ‘दुसऱ्यांची पाकिटं हुंगणारी मेली, कोट नवऱ्याचाच आहे. नवरा गेला, कोट टिकला.’ मर्विनसाठी मी पाच पावलं ठेवली होती. माझ्या आईची भाषा प्लाटडीच होती, म्हणजे जुनी गावठी जर्मन, चर्चमध्ये त्यातले चांगले शब्द वापरता यायचे नाहीत. ते सगळे तिथे कामी आले. मी मान वर करून, त्यांच्या डोळ्यांत बघून बोलत होते. हात थरथरतच होता, पण आता तो लयीत थरथरत होता, आणि थेंब म्हणे इतके एकसारखे पडले की सॅस्कॅटूनच्या एका संघाने विचारलं, हिने शिक्षण कुठे घेतलं.

तीन दिवस असंच केलं. काल बक्षिसं वाटून झाल्यावर मर्विन आला. तो अंतिम फेरी हरला होता. म्हणाला, ‘रोवीना, तुझा हा बर्फ फार पळतो. माझे सगळे दगड मागच्या भिंतीला जाऊन आपटले. अक्कल आहे की नाही तुला?’ चांगला खणखणीत ओरडला. मग म्हणाला कमिटीचं ठरलंय, खोल्यांच्या खिडक्या उन्हाळ्यात रंगवून घे.

थेल्मा सांगत होती, काचेमागे आता नवी चर्चा आहे. म्हणे हिनेही प्रार्थना सुरू केली. पाद्रीबाबा खूश आहेत.

एक अडचण मात्र झाली. शेवटच्या फेरीला मी इतक्या जोरात होते की बर्फाची पट्टी संपायच्या आधीच गाव संपलं. एकूण एक माणसाला देऊन झाली होती, आणि समोर बराच बर्फ शिल्लक होता. पाय अडखळायला लागले. मग मला आठवलं की महिनाभर मला पंखे आणि पट्ट्या बघायला लावणारा, ‘भीती? नाही’ असं बिनदिक्कत लिहिणारा एक म्हातारा केलोनात खिडकीशी बसलेला आहे. उरलेला सगळा बर्फ तुझ्या नावावर केला.

रोवीना